सावित्रीकाठून नाईलकाठी: जिंजाचा पूल

पहिला दिवस

भावाने युगांडातल्या कंपालाहून फोनवर विचारलं होतं, "ताई, इकडे आलीस की काय काय बघायचंय? सिंह, हत्ती, गोरिला?" मी म्हटलं, "ते बघूच. पण आधी मला जिंजाचा पूल दाखव." तो जरा वेळ गप्प राहिला. मग एवढंच म्हणाला, "बरं."

त्याला कारण सांगावं लागलं नाही. आम्ही महाडचे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा दगडी कमानींचा जुना पूल पुरात वाहून गेला आणि दोन एसटी गाड्या माणसांसकट नदीत गेल्या. त्या अंधारात गॅरेजमध्ये काम करणाऱ्या एका माणसाच्या लक्षात आलं, की पुढे गेलेल्या गाड्यांचे दिवे पलीकडे दिसतच नाहीत. त्याने मागच्या गाड्या थांबवल्या, म्हणून आणखी माणसं वाचली. सकाळी आम्ही काठावर जाऊन उभे राहिलो, तेव्हा पुलाच्या जागी नुसतं लाल गढूळ पाणी होतं. पुढे कित्येक दिवस क्रेनला तीनशे किलोचं लोहचुंबक बांधून गाड्या शोधत होते. चुंबक पाण्यात उतरलं की काठावर कुणी कुणाशी बोलायचं नाही.

तेव्हापासून कुठलाही पूल आला की माझा हात आपोआप समोरच्या सीटच्या दांडीवर जातो. आणि तेव्हापासूनच पुलांबद्दल मिळेल ते मी वाचते. जिंजा हे युगांडातलं नाईलकाठचं गाव. त्याचं असंच कधीतरी वाचलं होतं. तिथे ६४ वर्षं सगळी वाहतूक धरणाच्या माथ्यावरून चालली, आणि ते धरण हात टेकायच्या आत त्यांनी शेजारी नवा पूल उभा केला. हा पूल आपण डोळ्यांनी बघायचा, असं तेव्हाच मनाशी ठरलं.

कंपाला ते जिंजा अंतर ८० किलोमीटर. गर्दीमुळे आम्हाला तीन तास लागले. शहर सुटल्यावर दोन्ही बाजूंना लाल माती दिसायला लागली, आणि मला पोलादपूरच्या घाटाखालून चालल्यासारखं वाटू लागलं. डांबरी रस्त्याला फुटणाऱ्या लाल वाटांना इथे काय म्हणतात, तर 'मुरम रोड'. आपला मुरूम समुद्र ओलांडून इथे आला आणि नाव न बदलता राहिला. थोडं पुढे रस्त्याच्या कडेला फणस रचून ठेवले होते. फणसाला इथले लोक 'फेने' म्हणतात, स्वाहिलीत 'फेनेसी'. बाईने कोयता चालवून एक फणस उभा फोडला, गरे पानावर काढले. कापा होता. कोकणातल्या माणसाला परदेशात याहून चांगलं स्वागत काय हवं!

नामावोज्जोलो नावाच्या थांब्यावर गाडी उभी राहायच्या आतच चारी बाजूंनी हात आत आले. काडीला टोचलेली भाजलेली कोंबडी, पाण्याच्या बाटल्या आणि 'गोंजा', म्हणजे निखाऱ्यावर भाजलेलं गोडसर केळं. पुढे लुगाझी लागलं. इथला साखर कारखाना नानजी कालिदास मेहता यांनी १९२४ साली सुरू केलेला. त्यानंतर माबिराचं जंगल. एवढं दाट की दुपारी गाडीत सावली आली.

न्जेरू हे पश्चिम काठावरचं गाव. ते मागे पडलं आणि एका वळणावर दोन पांढरे मनोरे एकदम समोर उभे राहिले. भावाने गाडी हळू केली. थांबता येत नाही, पुलावर उभं राहायला मनाई आहे. मध्यभागी तारांची रांग पंख्यासारखी उलगडत गेली, मिटली, पुन्हा उलगडली, आणि पूल संपला. पूल ५२५ मीटरचा. अर्ध्या मिनिटाचं काम. ज्यासाठी एवढ्या लांब आले ते अर्ध्या मिनिटात मागे पडलं आणि माझा हात दांडीवरच राहिला. खाली पाणी होतं, पण मी खाली बघितलंच नाही.

दुसरा दिवस

आज दिवसभर पूल, असं कालच ठरवलं होतं. भावाला कामाचे फोन होते, म्हणून त्याने हॉटेलवाल्याच्या ओळखीचा एक बोडावाला करून दिला. बोडा-बोडा म्हणजे इथली भाड्याची मोटारसायकल. पूर्वी केनियाच्या सीमेवर एका चौकीपासून दुसऱ्या चौकीपर्यंत माणसांना सायकलवरून सोडणारे 'बॉर्डर, बॉर्डर' असं ओरडायचे, त्याचं हे बोडा-बोडा झालं. माझा बोडावाला तिशीचा असेल. माझे पांढरे केस बघून त्याने मला 'ज्जाज्जा' म्हणायला सुरुवात केली. म्हणजे आजी. आमच्याकडे आजोबांना 'आजा' म्हणतात, त्यामुळे ते काही परकं वाटलं नाही. निघताना त्याने वाटेतल्या प्रत्येकाला 'कोधेयो' म्हणून रामराम घातला. ही बसोगा लोकांची भाषा, लुसोगा. पूर्व काठ त्यांचा.

मोठा रस्ता सोडून तो मला लाल वाटेने, मक्याच्या आणि रताळ्याच्या वाफ्यांमधून नदीच्या उतारावर घेऊन गेला. तिथे एका आंब्याच्या झाडाखाली दगड होता. मी बसले. समोर सबंध पूल.

काल गाडीतून जे दिसलं नव्हतं ते इथून दिसलं. हा पूल तारांनी तोललेला आहे, आपल्या वांद्रे-वरळी सागरी सेतूसारखा. दोन मनोरे, उलट्या वाय अक्षरासारखे: खाली दोन पाय फाकलेले, वर एक खांब. त्या खांबातून तारा निघतात आणि रस्त्याच्या बरोबर मधल्या रेषेत येऊन रुततात. दोन मनोऱ्यांमधलं अंतर २९० मीटर, आणि तेवढ्या सगळ्या अंतरात पाण्यात एकही खांब नाही.

असा पूल बांधतात कसा, हे मी शाळेत मुलांना कावडीवरून सांगत असे. आधी मनोरा उभा करायचा. मग त्याच्या दोन्ही बाजूंना रस्त्याचा एकेक तुकडा वाढवत न्यायचा, एक नदीकडे, एक काठाकडे. जेवढं वजन इकडे तेवढंच तिकडे, आणि प्रत्येक तुकड्याला वरून तारेचा आधार. खांद्यावर कावड घेतलेल्या माणसाने एकीकडचा हंडा जास्त भरला तर तो कलंडेल, तसंच हे. असे दोन्ही काठांवरून दोन कावडवाले मधोमध येऊन भेटतात आणि शेवटचा तुकडा ओततात, की पूल झाला. इथे पायाभरणी जानेवारी २०१४ मध्ये झाली, आणि १७ ऑक्टोबर २०१८ रोजी राष्ट्राध्यक्ष मुसेवेनी यांनी पूल खुला केला. बराचसा पैसा जपानच्या कर्जातून आला. बांधणारी एक कंपनी जपानची, दुसरी कोरियाची. आयुष्य १२० वर्षं धरलेलं आहे. आपण बांधलेली वस्तू किती वर्षं टिकणार हे आधी ठरवून लिहून ठेवायचं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पुढच्यांना निदान कळतं तरी, की कधी जागं व्हायचं.

दगडावर बसल्यावर तासाभराने लक्षात आलं, की मी पूल बघण्यापेक्षा ऐकतेच जास्त आहे. पुलाच्या टोकाला सांध्यावरून चाक गेलं की 'धडक' असा आवाज येतो. छोट्या गाडीचा धड-धड, लागोपाठ. मोठ्या ट्रकचा धडक, मग थोडी उसंत, मग धडक-धडक. दर दोन-तीन गाड्यांमागे असा एक मोठा ट्रक. केनियाच्या मोम्बासा बंदरात उतरलेला माल याच वाटेने युगांडात येतो, आणि पुढे रवांडाला, पूर्व काँगोला जातो. म्हणजे समुद्र नसलेल्या देशांच्या मिठापासून लोखंडापर्यंतचं बरंचसं ओझं या तारांवर आहे. महाडला रात्री निजल्यावर महामार्गावरच्या गाड्यांचा असाच आवाज यायचा. त्या पावसानंतर काही दिवस तो आला नाही, तेव्हा कुणालाच झोप लागत नव्हती.

बोडावाला शेजारी बसून गवताची काडी चावत होता. मी त्याला विचारलं, हा पूल व्हायच्या आधी कसं होतं? तो म्हणाला, "ज्जाज्जा, धरणावरचा रस्ता अरुंद. मधोमध एखादा ट्रक बंद पडला, की इकडे जिंजा थांबलं, तिकडे न्जेरू थांबलं. माझी आई पलीकडे बाजारात टोमॅटो विकायची. ट्रक अडकला की टोमॅटो टोपलीतच मऊ पडायचे."

मग मी त्याला आमच्या पुलाचं सांगितलं. पूर्ण सांगितलं, चुंबकासकट. त्याने काडी टाकून दिली. बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारलं, "नवा बांधला का?" मी म्हटलं, बांधला, १६५ दिवसांत, पुढच्या पावसाच्या आत. तो म्हणाला, "मग लवकर बांधता येतो तर." त्याच्या बोलण्यात टोमणा अजिबात नव्हता, खरं आश्चर्य होतं. पण मला उत्तर सुचलं नाही.

समोर पाण्यावर एक काळा-पांढरा खंड्या एकाच जागी पंख फडफडवत थबकला होता. तसाच दगडासारखा खाली पडला आणि चोचीत चांदीची चिमूट घेऊन वर आला. पुलावरून ट्रक जातच होते.

तिसरा दिवस

सकाळी होडी केली. भाऊही आला होता. व्हिक्टोरिया सरोवर म्हणजे क्षेत्रफळाने जगातलं दुसरं मोठं गोड्या पाण्याचं सरोवर, आणि एवढ्या पाण्याला बाहेर पडायला वाट फक्त एक, ती इथे जिंजाला. इथून निघालेलं पाणी भूमध्य समुद्रात पोचायला साधारण तीन महिने घेतं. मी वर्षानुवर्षं मुलांकडून 'उगम: व्हिक्टोरिया सरोवर, मुख: भूमध्य समुद्र' असं पाठ करून घेतलं. पण उगम म्हटल्यावर माझ्या डोळ्यासमोर महाबळेश्वरचं गोमुख यायचं, अंगठ्याएवढी धार. इथे नदी जन्मतःच अर्धा मैल रुंद वाटते. होडीवाल्याने इंजिन बंद केलं, तर होडी आपसूक उत्तरेकडे सरकायला लागली. बस, तेवढ्यावरूनच कळलं की तळं संपलं आणि नदी सुरू झाली.

कडेकडेने जलपर्णी होती. या सरोवराला तिने गेल्या शतकाच्या अखेरीस पार विळखा घातला होता. ती बघून उजनीची आठवण झाली आणि वाईट वाटलं.

पूर्वी इथे धबधबा होता. १८६२ च्या जुलैमध्ये जॉन स्पीक हा इंग्रज शोधक इथे पोचला आणि त्याने धबधब्याला नाव दिलं 'रिपन'. हा रिपन म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकातलाच. तेव्हा तो लंडनच्या भूगोल संस्थेशी जोडलेला होता. पुढे १८८० साली तो भारताचा व्हाइसरॉय झाला आणि १८८२ च्या स्थानिक स्वराज्याच्या ठरावामुळे आपल्या नगरपालिकांच्या इतिहासात जाऊन बसला. त्याचं नाव लागायच्या कितीतरी आधीपासून इथले लोक या नदीला कियिरा म्हणत होते, आणि काठावरच्या खडकांवरून गावाचं नाव पडलं जिंजा. लुगांडा या इथल्या दुसऱ्या भाषेत एज्जिंजा म्हणजे दगड. १९५४ साली धरण पुरं झालं आणि रिपन धबधबा पाण्याखाली गेला. होडीवाल्याने हात करून जागा दाखवली. तिथे पाण्यावर थोडी खळबळ होती, एवढंच. नदीवर पूल किंवा धरण बांधलं की काहीतरी झाकलं जातं, हेही मान्य करायला हवं. प्रवाहाच्या खालच्या अंगाला बुजागलीचे धबधबे होते. बसोगा लोकांच्या श्रद्धेत त्यांना फार मोठं स्थान, तेही २०११ साली दुसऱ्या धरणात बुडाले.

परतताना रेल्वेचा पूल दिसला, लोखंडी, काळपट, १९३१ चा. याच साली रूळ कंपालापर्यंत पोचले. त्याच्या आधी, १८९६ ते १९०१ या काळात, मोम्बासा ते सरोवरकाठचं किसुमू ही मूळ लाइन टाकली गेली, ती हिंदुस्थानातून करारावर आणलेल्या सुमारे ३२ हजार मजुरांनी. बहुतेक पंजाबातले. अडीच हजारांच्या आसपास तिथेच मेले. म्हणजे लाइनच्या दर मैलामागे चार माणसं. कचेऱ्यांमध्ये कारकुनी करायला गोव्याची माणसं होती. जे मागे राहिले, आणि त्यांच्या पाठोपाठ जे दुकानं टाकायला आले, त्यांनी जिंजासारखी गावं वसवली. नवा पूल डौलदार आहे, पण या काळ्या पुलाकडे बघताना मी हात जोडले. भावानेही जोडले.

काठावरच्या बागेत गांधीजींचा अर्धपुतळा आहे. १९४८ साली त्यांच्या अस्थींचा काही भाग इथे नाईलमध्ये सोडला होता. पुतळ्याचं अनावरण १९९७ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान इंद्रकुमार गुजराल यांनी केलं. आम्ही गेलो तेव्हा शाळेची सहल आली होती, जांभळ्या गणवेशातली मुलं. त्यांची शिक्षिका मुलांना दोन-दोनच्या रांगेत उभी करत होती आणि रांग पुन्हा पुन्हा मोडत होती. तिने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. काही सांगावं लागलं नाही. मी पुढची दोन मुलं हाताला धरून सरळ उभी केली.

दुपारी मेन स्ट्रीटवर चालत हिंडलो. दोन्ही बाजूंना खांबांचे व्हरांडे, वर सज्जे, आणि कपाळावर गिलाव्यात कोरलेली गुजराती घराण्यांची नावं आणि सालं. ऑगस्ट १९७२ मध्ये तेव्हाचा हुकूमशहा इदी अमीन याने आशियाई लोकांना देश सोडायला ९० दिवसांची मुदत दिली. माणसं गेली, नावं भिंतीवर राहिली. पुढे काही जण परत आले, काहींच्या इमारती परत मिळाल्या. जवळच काकिराला मुळजीभाई माधवानी यांनी १९३० मध्ये उभारलेला साखर कारखाना आहे, तोही त्यांच्या घराण्याकडे परत आला. पण मेन स्ट्रीटवरच्या एका इमारतीवर नाव आणि साल दोन्ही कोरलेलं आणि खाली मोबाईलचं दुकान, हे बघून मी तिथे जरा जास्तच वेळ थांबले. सज्ज्याचं लाकूड अजून शाबूत होतं. कुणीतरी मन लावून काम करून घेतलेलं.

संध्याकाळी कोपऱ्यावर एका पोराची टपरी होती. तव्यावर चपाती. आपलीच, आणि नावही चपातीच. त्याने कपात दोन अंडी फोडली, कोबी, कांदा, टोमॅटो बारीक चिरून घातले, मीठ टाकून काट्याने फेटलं आणि तव्यावर ओतलं. अंडं खालून धरलं, पण वरून अजून ओलं असताना त्यावर चपाती ठेवून तळव्याने हलकेच दाबली. दोन्ही एकजीव झाल्यावर उलथलं, गुंडाळी केली आणि कागदात बांधून हातात दिलं. याला 'रोलेक्स' म्हणतात. बांधून नेणारे मजूर, शिक्षक, पोलीस, सगळे रांगेत होते. शेजारी कापलेल्या कांदा-टोमॅटोचा वाडगा. मी विचारलं हे काय, तर म्हणाला, "काचुंबारी." मी त्याला सांगितलं की आमच्या घरी रोज कचुंबर असते. त्याला ते काही खरं वाटलं नाही. त्याच्या मते हा अस्सल जिंजाचा पदार्थ. आणि आता तो आहेच जिंजाचा.

चौथा दिवस

परत निघायच्या आधी धरण बघितलं. पहारा आहे, फोटो काढू देत नाहीत, म्हणून जे सांगते ते आठवणीतलं. २९ एप्रिल १९५४ रोजी राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते याचं उद्घाटन झालं, तेव्हा नाव ओवेन फॉल्स. आता नालुबाले. सरोवराचं लुगांडातलं हेच नाव. सुरुवातीला दहा जनित्रं, १५० मेगावॅट. त्याच विजेवर जिंजात कापड गिरण्या आणि कारखाने आले. खाली इजिप्तपर्यंत सगळ्यांची तहान या पाण्यावर, त्यामुळे किती पाणी सोडलं जातं हे बघायला इजिप्तचा एक अभियंता कायम इथे नेमलेला असतो. पुढे वीजघराच्या काँक्रीटलाच आतून फुगण्याचा विकार जडला. सिमेंटमधला क्षार आणि खडीतली सिलिका यांची वर्षानुवर्षं पाण्याच्या संगतीने होणारी ही अभिक्रिया, तिने काँक्रीट सुजतं आणि तडे जातात. हे तडे दिसले, मोजले गेले, नोंदवले गेले. जड वाहतूक कुठवर इथून न्यायची, हा प्रश्न अनेक वर्षं चर्चेत राहिला आणि अखेर पूल झाला. वेळ लागला, पण झाला. मला इथे आणणारी गोष्ट हीच.

बोडावाला निरोप द्यायला हॉटेलवर आला होता. त्याच्या आईने माझ्यासाठी एक फणस पाठवला होता. 'वेबाले न्यो', फार आभार, एवढं लुगांडा मी शिकले होते, ते म्हटलं. त्याने विचारलं, "तुमच्या गावची नदी कोणत्या समुद्राला जाते?" मी सांगितलं, बाणकोटला, अरबी समुद्राला. तो म्हणाला, "आमची तीन महिने चालते. तुमची?" मी हिशेब केला. महाडपासून बाणकोट, ओहोटी असेल तर दिवसही लागू नये.

पुलावर आलो तेव्हा फणसाच्या वासाने गाडी भरली होती. या वेळी मी खिडकीकडे बसले होते. खाली बघितलं. पाणी हिरवट, संथ, त्यावर मनोऱ्याची सावली आणि सावलीत एक होडकं. मग वर बघितलं आणि तारा मोजायला लागले. नऊपर्यंत मोजल्या, एवढ्यात काकिराकडचा उसाचा ट्रक मध्ये आला.

"किती झाल्या?" भावाने विचारलं.

"राहिल्या," मी म्हटलं. "पुढच्या खेपेला."